राळेचा खडा

आता असं करा, क्षणभर डोळे मिटा आणि तनुजाच्या शेजारी येऊन बसा. गाडीत जागा दोघांचीच आहे, पण ती सरकून घेईल. समोर दौलताबादच्या अलीकडची उघडी टेकडी. मागच्या हौद्यात चारशे लिटर पाण्याची टाकी डचमळतेय. गाडी अर्ध्या चढावर थांबली आहे. इंजिन नुसतंच ओरडतंय, चाकं जागची हलत नाहीत. आला जळक्या रबराचा वास?

“आज्या, काय झालं?”

“पट्टा गेला. उतर आन् चाकामागं दगड लाव. मोठा बघ, लिंबाएवढा नको आणू.”

दहा वर्षांची तनुजा मे महिन्याच्या सुट्टीत आजोबांकडे, कडूबांकडे आली होती. कडूबांनी तीस वर्षं पाचोडला पिठाची गिरणी चालवली. गिरणी बंद पडल्यावर झाडं लावणाऱ्या एका संस्थेनं त्यांना ही बुटकी, उघडी डोंगरगाडी चालवायला दिली. ते २०१६ साल, सलग दुष्काळाचं. खाली शहराच्या नव्या इमारती टेकडीच्या पायथ्याशी येऊन ठेपलेल्या, आणि वरच्या टप्प्यावर सव्वाशे रोपं आठ दिवसांची तहानलेली.

संस्थेचा देखरेख करणारा सुदर्शन गारखेड्याला राहायचा. मागच्याच महिन्यात कडूबांनी गाडी दगडावर घातली, तेव्हा तो म्हणाला होता, “मामा, आता डोळे साथ देत नाहीत तुमचे. अजून एक चूक झाली ना, तर आपल्या खड्डे खणणाऱ्या पुंडलिकला बसवावं लागेल गाडीवर.”

कडूबांनी इंजिन निवू दिलं, मग बाजूचं झाकण उघडलं. पट्ट्याच्या चिंध्या झाल्या होत्या. त्यांनी पुलीवर बोट फिरवलं. बोट चिकटलं. ते तसेच उकिडवे बसून राहिले.

तनुजानं ओळखलं. काल पट्टा कुरकुरत होता, तेव्हा आज्यानं खिशातून पिवळा खडा काढून त्यावर घासलेला तिनं पाहिला होता. राळेचा खडा. झाडाच्या वाळलेल्या चिकाचा तो खडा गिरणी बंद झाली तरी त्यांच्या खिशातून गेला नव्हता.

“तू राळ लावली म्हणून व्हय, आज्या?”

“व्हय.” त्यांनी दोन्ही पुल्या दाखवल्या. “गिरणीचा पट्टा निसटतो, म्हून त्याला राळ लावायची, मंग तो धरून ऱ्हातो. पर ह्या पट्ट्याचं उलटं हाय. चढ आला की ह्यो इंजिनाच्या पुलीत खाली उतरतो, मागच्या पुलीत वर चढतो. त्याला सरकायला मोकळीक पायजे. म्या त्याला चिकटवून ठेवला. तीस वर्सं हात जे शिकला, तेच केलं त्यानं. इचारलं नाय मला.”

सीटखाली एक नवा पट्टा होता. औषधाच्या डब्यातल्या स्पिरिटनं त्यांनी पुल्या पुसल्या, कपडा कोरडा निघेपर्यंत. कानाकोपऱ्यात अडकलेले पट्ट्याचे दोरे तनुजानं बारीक बोटांनी ओढून काढले. मग कडूबांनी मागच्या पुलीत एक लांब बोल्ट फिरवत नेला, तशा पुलीच्या दोन्ही तबकड्या दूर झाल्या आणि पट्ट्याला जागा झाली.

“पट्ट्यावर बाण हाय. कुणीकडं तोंड हाय त्याचं, बघ. मला नुसतं काळं दिसतंय.”

“पुढं.”

“नक्की?”

“आज्या, बाण हाय तो, मुंगी नाय.”

कडूबा हसले. पट्टा आधी पुढच्या पुलीवर गेला, मग मागच्या. बोल्ट काढला आणि तनुजानं मागची पुली हातानं फिरवत ठेवली, पट्टा वर काठाला येईस्तोवर. “आता बसला,” ते म्हणाले. “घाई केली असती तर रुसला असता.”

गाडी हळूहळू वर चढली. सव्वाशे रोपांच्या आळ्यांत पाणी पडलं. सूऽऽ करून माती ते पीत होती.

गाडी खाली आली तेव्हा सुदर्शन उभाच होता. त्यानं जळका पट्टा उलटसुलट पाहिला.

“मालच खराब दिलाय लोकांनी. मामा, तुम्ही टेन्शन नका घेऊ. मी दुकानदाराला झापतो आता.”

त्यानं मोबाइल काढला. तनुजानं आज्याकडे पाहिलं. कडूबांचा हात खिशात गेला होता.

“थांबा, सुदर्शनभाऊ. त्या माणसाला बोल लावू नका. माल चांगला होता.” त्यांनी राळेचा खडा काढून त्याच्या तळहातावर ठेवला. “म्या लावली.”

सुदर्शननं खडा बोटांत फिरवून पाहिला. “मामा, गप्प राहिला असतात तर कळलंही नसतं मला.”

“हिला ठावं होतं की.”

सुदर्शननं मान खाली घातली. “रोपांना पाणी तुम्हीच घालायचं. तुमच्याइतकी कुणाला कळतात ती? पण गाडी...”

“समजलं.” कडूबांनी किल्ली काढून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुंडलिक गाडीवर बसला. टाकी भरलेली होती. कडूबा लिंबाखाली उभे होते, एक बादली उगाच इकडची तिकडं ठेवत. गाडीत जागा दोघांचीच, आणि शेजारची सीट रोजच्यासारखी तनुजाची होती.

“चल गं, बस,” पुंडलिक म्हणाला.

तनुजानं ओढणीच्या टोकानं त्या सीटवरची धूळ पुसली. दोनदा पुसली. मग आज्याच्या हातातली बादली घेतली, त्याला सीटकडे बोट दाखवलं आणि टेकडीच्या वाटेनं पायी चालू लागली.