लेकी वगळून

वैजयंतीने वंशवृक्षाची लिंक गावंडे भावकीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकली, तेव्हा प्रत्येकाने आधी स्वतःलाच शोधलं. माणसाची जातच तशी, आरशासमोर उभं राहून भिंत कोण पाहतो? स्वतःचा चौकोन सापडल्यावर मग ज्याने त्याने दुरुस्त्या सुचवल्या. कोणाला आपला फोटो तरुणपणीचा हवा होता, कोणाला नावामागे 'माजी सरपंच' हवं होतं. अर्धी भावकी एक जूनला जन्मलेली निघाली, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट तीच तारीख लिहिली होती. सॉफ्टवेअर बिचारं दर वेळी विचारायचं, तारीख नक्की आहे का? वैजयंती 'हो' दाबून पुढे जायची.

तिला या कामाचा कंटाळा नव्हता. गावात अंगणवाडी चालवता चालवता सरकारी मोबाइलमध्ये आयांची आणि लेकरांची नावं भरण्यात तिची वर्षं गेली होती. हे सॉफ्टवेअरही तसंच, फक्त इथे लेकरं म्हातारी होऊन मरून गेलेली. पुण्याच्या चुलतभावांना, अकोल्याच्या काकूंना, कुठल्या कुठे दिलेल्या आत्यांच्या लेकरांना फोन करकरून तिने सटवाजी गावंड्यांपासून आजवरचं सगळं कूळ जुळवलं होतं. आणि त्यात लेकीही होत्या. सगळ्या. लग्न होऊन गेलेल्या, पाळण्यातच गेलेल्या, आणि सासरहून परत आलेली एक. ती एक म्हणजे वैजयंती स्वतः.

रिसोडकडच्या सासरी ती दोन वर्षं नांदली. नवऱ्याने दुसरी आणली, ही परत आली. सासरच्या कुळात आता त्या दुसरीचं नाव. माहेरी म्हणाल तर रेशनकार्डापासून लग्नपत्रिकेपर्यंत कुठे हिचं नाव घालायचं म्हटलं, की लोकांचं घोडं तिथेच पेंड खायचं. कोणाची कोण म्हणून लिहायचं? वंशवृक्षात मात्र तिने वडिलांच्या खाली, भाऊ हरीओमच्या आधी, स्वतःचं नाव लिहिलं. ती त्याच्याहून मोठी होती, म्हणून आधी. त्या दिवशी ती त्या चौकोनाकडे किती तरी वेळ पाहत बसली. बरं वाटलं तिला, खोटं कशाला बोला.

आणि मग जगदेवदादांचा आवाजी निरोप आला.

सटवाजीच्या तीन मुलांच्या भावकीत तीन पात्या, त्यातल्या थोरलीचे कर्ते जगदेवदादा. चैत्रात रेणुकामायच्या देवळात भावकीचा भंडारा होतो, तेव्हा पहिला नैवेद्य थोरल्या पातीचा, दुसरा मधलीचा, तिसरा धाकटीचा. प्रत्येक पातीत जे थोरलं असेल त्याच्या हाती ताट, मधलीचं वडील गेल्यापासून हरीओमच्या हाती, आणि पहिला नैवेद्य झाल्याशिवाय कोणी घास तोंडात घालायचा नाही. त्या पहिल्या ताटामुळे जगदेवदादा वर्षभर जरा ताठच चालायचे.

"वैजू, झाड लय मस्त केलं तू," निरोपात आवाज भरदार होता. "आता एक काम कर. त्यातल्या पोरी काढून टाक. भंडाऱ्याले मांडवात फ्लेक्स लावाचा हाय. लेक त दुसऱ्याच्या घरची, तिले आपल्या झाडात कायले लटकवाची? इतक्या पोरी टाकल्या त फ्लेक्स मांडवात मावणार नाई."

मावणार नाही म्हणे! याच माणसाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स शेलूबाजारच्या चौकात दोन दुकानांच्या पाट्या झाकून उभा होता. आणि पूजा कोणाची, तर देवीची. देवी बाई असलेली चालते, लेक चालत नाही.

"काढून टाक ना, ताई," हरीओम जेवता जेवता म्हणाला. "एका झाडापायी भावकीत कायले वाकडं घेतं?"

वैजयंतीने त्याला आणखी एक भाकर वाढली. ती त्याच्याच घराच्या मागच्या खोलीत राहत होती आणि वाकडं घेणं म्हणजे काय, हे तिला त्याच्याहून चांगलं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीतली लेकरं घरी गेल्यावर तिने लॅपटॉप उघडला. एकेक लेक काढायची गरज नव्हती. सॉफ्टवेअरमध्ये 'फक्त पुरुष वंश' असं एक बटणच होतं. म्हणजे हे दुखणं आपल्या गावापुरतं नाही, असं तिच्या मनात आलं. तिने दात-ओठ खात बटण दाबलं. पडदा हलला आणि लेकी गेल्या. आत्या गेल्या, बहिणी गेल्या, ती स्वतः गेली. हरीओमच्या आधीची जागा अशी मिटली, की तिथे कोणी कधी नव्हतंच. मग तिची नजर डाव्या बाजूला गेली.

जगदेवदादाही गेले होते.

दादा गेले, त्यांचे मुलगे गेले, नातू गेले. सटवाजीचा थोरला मुलगा मारोती तेवढा उभा, आणि त्याच्या खाली काही नाही. आधी तिला वाटलं, आपलंच काही चुकलं. तिने बटण पुन्हा दाबून पाहिलं. लेकी आल्या की जगदेवदादा येत, लेकी गेल्या की जात. मग तिने मारोतीच्या खालची ओळ नीट पाहिली आणि तिला हसू फुटलं. मारोतीला मुलगा नव्हताच. एकुलती एक लेक पुंजाबाई, तिच्यासाठी अनसिंगकडचा सूर्यभान ठोंबरे घरजावई करून आणलेला. त्याला शेत मिळालं, घर मिळालं, चालता चालता आडनावही मिळालं. जगदेवदादा या दोघांचे नातू.

खात्री करायला तिने अनसिंगला गोजराबाईंना फोन लावला. या जगदेवदादांच्या थोरल्या बहीण. पुंजाबाईची माहिती त्यांनीच दिली होती.

"बाई, पुंजाबाई या घरची लेकच ना?"

"त काय सून हाय?" गोजराबाई म्हणाल्या. "सूर्यभानआजाले गावातले बुढे मरेपर्यंत 'जावई' म्हणत. आमच्या जगदेवले ते आठवत नाई, कारण त्याले आठवाचं नाई. तू काहून इचारून राह्यली?"

वैजयंतीने सांगितलं. मग गोजराबाई म्हणाल्या, "दादा सांगते त ऐकाव बाई. काढ लेकी. अन् मलेही पाठव ते झाड."

वैजयंतीने ते झाड तसंच ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, 'जगदेवदादांच्या सांगण्यावरून, लेकी वगळून.'

ज्या ग्रुपवर सकाळी चारपासून फुलं आणि सुविचार पडायचे, तो चिडीचूप झाला. शेवटी पुण्याच्या चुलतभावाने भाबडेपणाने विचारलं, "थोरली पाती कुठे गेली?"

संध्याकाळी मोटरसायकल दारात उभी राहिली. जगदेवदादा ओसरीवर बसले, पाणी नको म्हणाले. हरीओम शेजारी उभा.

"माही बेइज्जती करून राह्यली का, वैजू?"

"तुमी सांगतलं तेच केलं, दादा."

"मी पोरी काढ म्हणलं. मले काढ म्हणलं का?"

"तुमी पोरीच्याच फांदीवर बसले आहा. फांदी तोडल्यावर माणूस वर कसा राहीन?"

दादांनी मिशीवरून हात फिरवला. ते चिडले की आवाज खाली आणत. "हे पाय. सूर्यभानआजाले मारोतीचा पोरगा म्हणून टाक. कोणाले समजते?"

"टाकते. पण पुंजाबाई मारोतीची पोरगी हाय. मंग तुमचा आजा अन् तुमची आजी बहीणभाऊ होतीन. सॉफ्टवेअर लाल खूण दाखवते, अन् नाई दाखवली तरी मले लाज वाटते."

हरीओमला खोकला आला. दादांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो थांबला.

"मंग पुंजाबाईले काढून टाक."

"सख्ख्या आजीले?"

मग दादांनी खिशातलं दुसरं नाणं काढलं. "तुहं नाव राहू देतो मी. तू परत आली, इथीच राह्यली, तुही गोष्ट येगळी. भावकीत कोणी बोट दाखवणार नाई, माहा शब्द. बाकीच्या पोरी जाऊ दे."

वैजयंतीला हवं होतं ते हेच होतं. कोणी तरी मोठ्या माणसाने ओसरीवर बसून म्हणावं, की तू इथली. ते वाक्य आलं, पण चोरीच्या मालातला वाटा म्हणून आलं.

"गोजराबाई जातीन, माह्या मेलेल्या आत्या जातीन, तुमच्या पोरी जातीन, अन् मी एकटी त्या झाडावर कावळ्यासारखी बसू? खोटं मी लिहिणार नाई, दादा. माह्या नावासाठीबी नाई."

मोटरसायकल गेली. वैजयंतीला वाटलं, निदान आता भाऊ पाठीशी उभा राहील. हरीओम उभा राहिलाही, पण भलत्याच बाजूला. रात्रभर त्याने हिशेब केला असावा. सकाळी चहाचा कप हातात घेऊन तो म्हणाला, "ताई, दादा पह्यले म्हणत होते तेच बरोबर हाय. पोरी वगळूनच फ्लेक्स छाप. थोरली पाती खुंटली त पह्यला निवद मधल्या पातीचा. म्हणजे आपला. म्हणजे माहा."

"कालपर्यंत वाद नको म्हणत होता ना तू?"

"कालपर्यंत मले पह्यला मान नव्हता." तो हसला, मग गंभीर झाला. "माह्या घरात राह्यतं, ताई. एवढं त करशीन."

"बापाच्या घरात राह्यतो आपण दोघं," वैजयंती म्हणाली आणि कप विसळायला उठली.

भंडाऱ्याच्या आदल्या दिवशी ती एसटीने मंगरूळपीरला गेली आणि तिने आपल्या मानधनातून फ्लेक्स छापून आणला. सगळ्यांचा. एकही लेक न वगळता.

दुसऱ्या दिवशी दुपारी रेणुकामायच्या देवळापुढे मांडव भरला होता. आत देवीपुढे पुरणपोळीची तीन ताटं वाढून ठेवलेली. बाहेर वैजयंतीने फ्लेक्सची गुंडाळी सोडली आणि कोणाला काही न विचारता तो मांडवाच्या दोन बल्ल्यांना बांधून टाकला. माणसं गोळा झाली. बाया लांबूनच बोटं करू लागल्या. एक म्हातारी आपलं माहेरचं नाव वाचून घ्यायला नातसुनेला ओढत पुढे आली. नातसुनेने वाचलं, तर तिने पुन्हा वाचायला लावलं.

"काढा ते," जगदेवदादा म्हणाले.

"काढाच," हरीओम म्हणाला, "पोरीचं झाड देवळात नाई चालत. अन् दादा, पोरी नाई त तुमचा निवदही नाई. ताट मधल्या पातीचं."

मग जुंपली. थोरली पाती एकीकडे, मधली दुसरीकडे, धाकटी पाती मधे उभी राहून भूक लागल्याचं सांगत होती. पोळ्या निवत होत्या. वैजयंती दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली. भावकीच्या पुरुषांत बाईने असं उभं राहायची रीत नव्हती.

"लेकी ठेवा त मान जगदेवदादाच्या पातीचा," ती म्हणाली. "लेकी काढा त हरीओमचा. दोन्ही एका वक्ती होत नाई. मले नका इचारू. दादा, तुमी कोणाचे, ते तुमीच सांगा, सगळ्याईसमोर."

जगदेवदादा देवीकडे बघत राहिले. ताट सोडावं तर जन्माचा ताठा जातो, ताट धरावं तर तोंडाने कबूल करावं लागतं. बोलायला त्यांना फार जड गेलं. वैजयंतीला क्षणभर त्यांची कीवही आली, पण ती हलली नाही.

"मी पुंजाबाईचा नातू," ते शेवटी म्हणाले. "लेकीच्या पोटचा वंश आहो. राहू द्या तो फ्लेक्स." आणि ताटाकडे वळले.

"थांबा, दादा," वैजयंती म्हणाली. "आता लेकी मोजल्या ना? मंग थोरल्या पातीत थोरलं कोण हाय?"

मांडवातल्या सगळ्या माना चुलीकडे वळल्या. गोजराबाई तिथे पोळ्या लाटत बसल्या होत्या. माहेरच्या भंडाऱ्याला दर वर्षी येऊन त्या लाटतच बसायच्या. त्यांनी लाटणं खाली ठेवलं, पिठाचे हात पदराला पुसले आणि गुडघ्यावर हात देत उठल्या. वाट आपोआप मोकळी झाली. गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी भाऊ आडवा उभा होता.

"सरक, जगदेव," त्या म्हणाल्या.

जगदेवदादा सरकले. गोजराबाईंनी पहिलं ताट उचलून देवीपुढे ठेवलं, पाणी फिरवलं, डोकं टेकवलं. वळून त्यांनी मांडवावर नजर टाकली.

"दुसरं मधल्या पातीचं. या."

हरीओमने सवयीने पाऊल टाकलं. तेवढ्यात त्याचा खांदा मागून कोणी तरी धरला. त्याने वळून पाहिलं. वैजयंती त्याच्याकडे बघत होती, आणि ती त्याच्याहून मोठी होती, मधल्या पातीत आता तिच्याहून थोरलं कोणी उरलं नव्हतं, हे सगळ्या भावकीला ठाऊक होतं.

"सरक, हरीओम," वैजयंती म्हणाली, आणि ताट उचलून आत गेली.