इद्रीसचं वाक्य

…बाही दोनदा दुमडलेली, तरी मनगटाखाली उतरलेली. फोनवरचा फोटो बोटांनी मोठा केला की आधी बाही दिसते, मग चेहरा — इद्रीसचाच, पण कुणी तरी घाईनं उभा केल्यासारखा. गणवेश दुसऱ्याच कुणाचा असावा. तो दुसरा कुठे गेला… शालिनीनं फोन उपडा ठेवला.

"वहिनी, हाच द्या. गणवेशातला." जयवंतराव, तिचे दीर, सकाळीच शहराच्या जुन्या भागातून, वाडीहून, गोत्रीला तिच्याकडे आले होते. संस्थानच्या जुन्या शिपायांच्या वंशजांच्या मंडळाचा फळा तेच लिहीत. आज त्यावर इद्रीसचा मजकूर जायचा होता. "आपला भाडेकरू म्हणजे आपलाच ने!" त्यांच्या मराठीत गुजराती 'ने' मुरलेला होता. "हा कागद वाचा तर."

'सुदानच्या यादवी युद्धात चि. इद्रीस यास वीरगती प्राप्त झाली.'

चि. — चिरंजीव!

एकवीस वर्षं. त्यातली अडीच शालिनीच्या माडीवर, संख्याशास्त्राच्या वह्यांत. उत्तरायणाला मांजानं बोट कापलं तर रक्त बघून मटकन खाली बसला होता हा वीर, आणि शेजारच्या गच्चीवरून कुणाच्या तरी कटलेल्या पतंगासाठी "लपेट! लपेट!" ओरडा झाला तेव्हा तो आपल्यालाच सल्ला समजून त्यानं बोटाला रुमाल लपेटून घेतला, कृतज्ञतेनं हात हलवून… मग आईला आणायला सुदानला गेला. नाक्यावर बसमधून उतरवलं — कुठल्या बाजूच्यांनी, ते फोटो पाठवणाऱ्या मामेभावालाही सांगता येईना — बंदूक हातात दिली, आणि अठ्ठेचाळीस दिवस. एवढंच सैनिकपण. दोन सेनापतींचं पटलं नाही म्हणून.

एकतीस वर्षं मराठी व्याकरण शिकवलं मी.

"भावजी, ह्या वाक्यात कर्ता कोण?"

"आं?"

"प्राप्त झाली. कोण झाली?"

"वीरगती."

"म्हणजे मारणारं कुणी नाही. ओढून नेणारं कुणी नाही. वीरगती आपली आपण दारात आली, दुधाच्या पिशवीसारखी."

जयवंतराव हसले, मग ते हसू त्यांना आवरतं घ्यावं लागलं. "मास्तरीण ती मास्तरीणच! अहो, मानाचा शब्द आहे. आपल्या खापरपणजोबांनाही हाच लावतो आपण."

त्यांना तरी कुणी विचारलं होतं का? दर दसऱ्याला तलवारीवर झेंडू वाहायचा आणि गप्प बसायचं…

"मग तुम्ही सांगा, वहिनी. खडू माझा, शब्द तुमचे."

इद्रीसला मारलं. कुणी? नाक्यावरच्यांनी. दोन सेनापतींनी. त्यांना बंदुका विकणाऱ्यांनी, आणि हे सगळं जेवताना टीव्हीवर बघून चॅनल बदलणाऱ्यांनी — वाक्य लांबत होतं, संताप हातापायांत ऊब आणत होता, किती तरी दिवसांनी बरं वाटत होतं, आणि मध्येच… ओट्याशी उभा इद्रीस, चहा गार होऊ देत: "मावशी, जाऊ की नको? मित्र नको म्हणतात." आणि ती, पोळी लाटता लाटता, मान वर न करता: "आई तिथे, आणि तू इथे आकडेमोड करत बसणार? आमच्या घरातला असतास तर विचारलंही नसतंस."

दुसऱ्याच दिवशी तिकीट काढून आला. खूश. आमच्या घरातला.

"बोला वहिनी. कर्ता?"

तिनं तोंड उघडलं. राग तसाच होता, तेवढाच तापलेला. फक्त भावजींच्या भाबड्या चेहऱ्यावर तो आता टिकेना. तो मागे वळला होता, ओट्याकडे, पोळी लाटणाऱ्या त्या बाईकडे — आणि शालिनीला त्याला अडवावंसं वाटत नव्हतं.