गरम झाल्यावर जड

मिस्त्रीच्या गुडघ्यांनी संप पुकारल्याला वर्ष होत आलं होतं, त्यामुळे गाडीखाली शिरायचं काम तो हल्ली शक्य तितकं टाळत असे. पण नानांची गाडी टाळता येण्यातली नव्हती. लांब नाकाची, निळी, चाळीस वर्षांची गाडी. तिचा एकेक नटबोल्ट त्यानंच कधी ना कधी सोडवलेला.

या वेळी ती नानांच्या मुलीनं आणली. गाडी विकायला काढलीय, गिऱ्हाईकही मिळालंय, पण स्टेअरिंग फार जड आहे, ते नीट करून द्या म्हणतंय, असं तिनं सांगितलं. नाना तीन वर्षांत चाकामागे बसलेच नव्हते. ती महिन्यातून एखादी चक्कर मारून आणायची, तेवढंच. किल्ली टेबलावर ठेवून ती कामावर निघून गेली.

मिस्त्रीनं नेहमीच्या क्रमानं सुरुवात केली. पॉवर स्टेअरिंगचं तेल भरलेलं होतं. पंपाचा बेल्ट घट्ट होता. गळती कुठेच नव्हती. जॅकवर पुढची चाकं उचलून त्यानं इंजिन बंद ठेवूनच स्टेअरिंग फिरवलं, तर ते सुरळीत फिरलं. म्हणजे सांध्यांत काही अडकत नव्हतं. गाडी खाली घेऊन इंजिन चालू केलं, आणि स्टेअरिंग एका बोटावर फिरलं. त्याला वाटलं, मुलीला सवय नाही म्हणून जड लागत असेल. तरी तो गाडी घेऊन बाहेर पडला. अर्ध्या तासानं परत येऊन गॅरेजच्या दारात वळायला गेला, तेव्हा त्याला दोन्ही हातांनी जोर लावावा लागला.

थंड असताना हलकं, गरम झाल्यावर जड. इंजिन बंद करून तो तसाच बसून राहिला. ही तक्रार त्यानं आधी ऐकली होती.

तीन वर्षांपूर्वी नाना स्वतः आले होते. सकाळी काही वाटत नाही रे, पण परत येताना वळताना दम निघतो, असं ते म्हणाले होते. ते तेव्हा नुकतेच आजारातून उठले होते. मिस्त्रीनं तेल बघितलं, बेल्ट दाबून बघितला आणि हसत म्हणाला होता, "गाडी ठणठणीत आहे नाना. आता वय झालं, हातांतली ताकद कमी व्हायचीच." त्या दिवशी आणखी सहा गाड्या रांगेत होत्या.

आता त्यानं पंप आणि स्टेअरिंगच्या मधल्या नळीवर दाबाचा गेज बसवला, इंजिन चालू करून गेजची तोटी क्षणभर बंद केली आणि काट्याकडे पाहिलं. पंप धड असता तर काटा झटकन वर चढला असता; तो जेमतेम हलला. दोष पंपातच होता. पंप उतरवून उघडल्यावर दाब सांभाळणारी आतली झडप अर्धवट उघडी अडकलेली दिसली. तिच्या कडेला काळ्या रबराचा नखाएवढा तुकडा रुतून बसला होता. तेल थंड आणि घट्ट असताना काम कसंबसं भागायचं. गरम होऊन पातळ झालं की दाब त्या फटीतून निसटून जायचा. आणि तो तुकडा जुन्या नळीचा होता. नानांच्या त्या तक्रारीच्या थोडं आधी नळी त्यानंच बदलली होती, आणि बदलल्यावर आतलं सगळं धुऊन काढायचा त्याला कंटाळा आला होता.

झडप साफ करून पंप परत बसवेपर्यंत दुपार उलटली. मुलीला फोन करून तेवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण तो गाडी घेऊन थेट नानांकडे गेला.

नाना खुर्चीत बसले होते. आयुष्यभर त्यांनी फर्निचर केलेलं, पण घरात आता एकही हत्यार दिसत नव्हतं. मिस्त्रीनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, रबराच्या तुकड्याचं आणि कंटाळ्याचंही.

"मग माझे हात?" नानांनी विचारलं.

"हातांना काही झालं नव्हतं, नाना."

नाना हळूहळू, जणू दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं सांगत गेले. हात गेले म्हणून त्यांनी रंधे, करवती, पटाशा, सगळं पुतण्याला देऊन टाकलं होतं. पडेल या भीतीनं नात मांडीवर घेतली नव्हती. ती आता चालायला लागली होती.

"तेव्हा उघडून बघायला किती वेळ लागला असता?"

"अर्धा दिवस."

नानांनी मान हलवली. रागावले असते तर मिस्त्रीला सोपं गेलं असतं. ते उठले, किल्ली मागून घेतली आणि त्याला शेजारी बसवून घरामागच्या मोकळ्या मैदानात गाडी काढली. दोन फेऱ्या मारल्या. स्टेअरिंग शेवटपर्यंत हलकं राहिलं. तिसऱ्या फेरीला त्यांनी गाडी मधेच थांबवली. तीन वर्षं न वापरलेले हात त्यांनी चाकावरून काढून मांडीवर टाकले.

"आता खरंच दमलो," ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात गाडी नव्या मालकाकडे गेली. महिन्याभरानं मुलगी रस्त्यात भेटली तेव्हा मिस्त्रीनं भीतभीतच नानांची चौकशी केली. पुतण्याकडून एक करवत आणि एक रंधा परत मागवलाय, असं तिनं सांगितलं. नातीसाठी स्टूल करताहेत. दिवसाला दहा मिनिटं काम आणि मग तासभर पडून राहणं. स्टुलाचे तीन पाय झालेत, चौथ्याला अजून हात लागलेला नाही.