ओळखीचं कोणी नको

सोनिकाने आपल्या वडिलांना फोनवर स्वच्छ सांगितलं होतं. "बाबा, नातीच्या बारशाला यायचं तर तीस दिवस एक थेंबही नाही. आणि दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जायचं. तिथे काय झालं ते गरिमा मला सांगेल."

गरिमा म्हणजे मी, तिची आतेबहीण. सांख्यिकीत एम.एस्सी. केल्यापासून घरातली सगळी मोजमापं माझ्याकडेच येतात.

जयसिंहमामांचा, म्हणजे तिच्या बाबांचा, तो नववा दिवस होता. रोज सात कप चहा व्हायचा आणि बाटल्यांचं रिकामं कपाट त्याहून जास्त वेळा उघडलं जायचं.

"जाईन मी," मामा म्हणाले, "पण ओळखीचं कोणी नको. अख्ख्या लष्कर भागात आपलं नाव आहे."

"सगळ्यांना माहीतच आहे की," मामी आतून म्हणाल्या. "सोनिकाच्या लग्नात मांडवाच्या खांबाला व्याही समजून मिठी कोणी मारली होती?"

हेल्पलाइनवरून मला तीन सभांचे पत्ते मिळाले: माधवगंज, फूलबाग आणि मुरार. प्रत्येक पत्त्याच्या आसपास आपल्या ओळखीची घरं किती, ते मी कागदावर मांडलं. माधवगंजला एकेचाळीस, फूलबागेला अठरा, मुरारला एक. तेही कुटुंब चारधामला गेलेलं.

"मुरार," मी म्हणाले.

"शाबास बेटा. शिक्षण वाया नाही गेलं."

त्याच संध्याकाळी मामा माझ्या स्कूटरवर मागे बसले. हेल्मेट, त्याच्या आत मफलर, वर काळा चष्मा. मे महिना चालू होता. पाटणकर बाजारात एका भाजीवाल्याने हाक मारली, "राव साहब, इतनी गर्मी में मफलर?"

मामा मला म्हणाले, "स्पीड बढ़ा."

सभा एका शाळेच्या वर्गात होती. खुली सभा असल्यामुळे मलाही आत बसता येणार होतं. वर्गात सात माणसं होती. त्यांच्यातलेच एक, निवृत्त बसचालक दिग्विजयसिंह, सभा चालवत होते. आम्ही दारात पोचलो तेव्हा एक बाई उभ्या राहून बोलत होत्या. "मेरा नाम इंदु है, और मैं..."

त्यांची नजर दाराकडे गेली आणि हात आपसूक पदराकडे. क्षणात डोकं झाकलं गेलं.

इंदुमामी! मामांच्या चुलत धाकट्या भावाची बायको, म्हणजे मामा त्यांचे भासरे, थोरले दीर. आमच्या घरांत भासऱ्यापुढे भावजय डोकं झाकते, त्याच्याशी थेट बोलत नाही, तो उभा असताना बसत नाही आणि त्याचं नाव तर जन्मात घेत नाही.

मागच्या बाकावरून आणखी एक आवाज आला. "ये जयसिंह, ये." ते तुकोजी होते, मामांचे वर्गमित्र.

"तू इथे?"

"दोन वर्षं झाली. लष्करात ओळखीचं कोणी भेटेल म्हणून इतक्या लांब येतो."

मी खोलीत नजर फिरवली. सातपैकी चौघे लष्करचे. घरं मी बरोबर मोजली होती. पण हाच हिशोब बाकीच्यांनीही केला असेल, हे गृहीतच धरलं नव्हतं.

"चल गरिमा," मामा वळले. इंदुमामी अजून उभ्याच होत्या. ते पाहून मामा अडखळले. "त्यांना म्हणावं, बसा."

"इंदुमामी, मामा म्हणतात बसा."

"म्हणावं, आधी त्यांनी बसावं."

"मामा, त्या म्हणतात..."

"ऐकू येतंय मला!"

"ये क्या चल रहा है?" दिग्विजयसिंहांनी विचारलं. मी दोन वाक्यांत समजावून सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे भाई, मुँह नहीं देखना है न? तो बेंच घुमा लो!"

बाक फिरवले. आता मामांची पाठ इंदुमामींच्या पाठीला होती. आम्ही परत जायचं की थांबायचं, ते आपोआप ठरलं.

इंदुमामी बोलू लागल्या. "हमारे जेठजी के यहाँ महफ़िलें होती थीं. बची हुई बोतलें मैं उठाती थी. पहले सिर्फ़ उठाती थी."

मामा ताठ झाले. त्या बाटल्यांपायी त्यांनी दोन नोकर काढले होते.

"म्हणजे ते दोघे..." ते भिंतीकडे बघत म्हणाले.

"निर्दोष," पाठीमागून थेट उत्तर आलं.

"बीच में नहीं बोलना," दिग्विजयसिंह म्हणाले.

मग मामांची पाळी आली.

"जयसिंहराव..."

"सिर्फ़ पहला नाम."

"हेच पहिलं आहे."

"राव भी?"

"राव जन्मापासून आहे!"

तुकोजी खदखदून हसले. मामांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी सोनिकाला काय सांगणार, याचाच ते विचार करत असावेत.

"मैं जयसिंह," ते म्हणाले. "मी पितो. सुटत नाही. नऊ दिवस झालेत आणि दहावा जमेल असं वाटत नाही."

पद्धत अशी की मग सगळ्यांनी एका सुरात नमस्ते म्हणायचं. मी आवाज मोजले. सहा. मामांनी मान खाली घातली.

मग त्यांच्या पाठीमागून, पदराआडून, सातवा आला. "नमस्ते... जयसिंह."

खोलीतले लष्करवाले वळून बघू लागले. मामांनी दोन्ही गुडघे घट्ट धरले आणि बोलायला सुरुवात केली: मांडवाचा खांब, महफ़िली, नोकर, नातीला अजून मांडीवर घेतलं नाही ते. मर्यादा पाच मिनिटांची होती. अकराव्या मिनिटाला तुकोजी म्हणाले, "अरे, बाकीचं दहाव्या दिवसासाठी ठेव. उद्या सकाळी येतो मी तुझ्याकडे."

"ये," मामा म्हणाले. "सात वाजता ये. त्यानंतर माझा भरवसा नाही."