पाण्याची रेघ

भिंती खिडक्यांच्या डोक्यापर्यंत आल्या, तेव्हा दोघांनी थाप्या धुऊन ठेवल्या. आता घराभोवती एकच आडवी रेघ मारायची होती. तिच्यावर काँक्रीटचा पट्टा बसणार आणि पट्ट्यावर छत. रेघ वाकडी, तर पुढचं सगळंच वाकडं.

रेघेसाठी त्यांच्याकडे पारदर्शक प्लास्टिकची लांब नळी होती आणि तिच्यात निळीचं पाणी. नळीची टोकं दोन कोपऱ्यांत उभी धरली की दोन्हीकडे पाणी एकाच उंचीवर थांबतं. नवरा मागच्या खुणेवर टोक धरायचा, बायको पुढच्या कोपऱ्यात पाणी थांबेल तिथे पेन्सिलीने खूण करायची. मग तो त्या खुणेपाशी यायचा आणि ती पुढच्या कोपऱ्याकडे जायची. स्वयंपाकघर अंगणात जरा पुढे काढल्यामुळे घराला आठ कोपरे झाले होते. आठही फिरून रेघ पहिल्या खुणेला येऊन मिळायला हवी होती.

मिळाली नाही. आडव्या बोटाएवढी खाली उतरली.

तो शिलाई मशिनं दुरुस्त करायचा, ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. सुट्टीच्या दिवशी आणि कामावरून आल्यावर उजेड असेपर्यंत बांधायचं, असं ठरवून त्यांनी पाया खणायला घेतला, तेव्हा त्याचा थोरला भाऊ हसला होता. थोरल्याचा बांधकामाचा धंदा. त्याला सगळे दादा म्हणत. धाकट्याला मात्र घरात ‘अर्ध्या’ म्हणत. अर्धी रंगवलेली सायकल, अर्धवट सोडलेलं पोहणं, एकाच गाण्याचं ध्रुवपद वाजवता येणारी बासरी. तुझी कामं म्हणजे पाण्यावरची रेघ, असं म्हणून दादाने छताला आपली माणसं पाठवायचं परस्पर ठरवूनही टाकलं होतं. बऱ्याच वादावादीनंतर तो एवढ्यावर आला, की रेघ फिरून जुळली तर छतही तुमचंच. नाही जुळली तर सोमवारी माझी माणसं येतील, आणि तू पुन्हा मशिनीच्या तेलात हात घालायला मोकळा.

आज रविवार होता. दादा संध्याकाळी बघायला येणार होता.

दुसऱ्या फेरीआधी त्यांनी नळीला टिचक्या मारमारून बुडबुडे काढले. पायाखाली कुठे दबत नाही ना, तेही पाहिलं. रेघ पुन्हा आडव्या बोटाने खाली.

तो विटांच्या ढिगावर बसला. पेन्सिल कानावरून काढून खिशात टाकली.

“माझाच हात हलला असणार,” तो म्हणाला. “सोड. दादाला फोन करून सांग, येऊ देत माणसं.”

ती पट्टी लावून दोन्ही फेऱ्यांची उतरण मोजत होती.

“दोन्ही वेळा अगदी तेवढीच उतरली,” ती म्हणाली.

“मग?”

“हात हलला असता तर एकदा वर गेली असती, एकदा खाली. धांदरटपणा इतका शिस्तीत होत नाही.”

सासूबाई सावलीत उपड्या घमेल्यावर बसून वाकडे खिळे ठोकून सरळ करत होत्या. आपल्या लेकाच्या धांदरटपणाला शिस्त नाही हे कळायला कॉलेज कशाला लागतं, असं त्या खिळ्यालाच म्हणाल्या.

तिने नळीची दोन्ही टोकं एकाच भिंतीवर शेजारी शेजारी धरली. इथे तरी पाणी सारखंच दिसायला हवं. तू तुझ्या टोकाशी खूण कर, मी माझ्या टोकाशी करते, असं तिने त्याला सांगितलं. दोघांनी खुणा केल्या. दोन खुणांत तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढा फरक पडला.

“तू पाणी कुठे बघतोस?”

“कुठे म्हणजे? संपतं तिथे.”

त्याने नख टेकवलं. नळीच्या कडेला पाणी किंचित वर चढून चिकटलं होतं. नख त्या वरच्या काठावर होतं. तिची खूण मधल्या खोलगट भागाच्या तळाशी होती. पहिल्या वर्षी प्रयोगशाळेत तिला तसंच वाचायला शिकवलं होतं, आणि ते इतकं अंगवळणी पडलं होतं की दुसरीकडे कुठे वाचता येतं हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तो दर वेळी खुणेला काठ लावत होता, ती पुढे तळाची खूण करत होती. आठ कोपऱ्यांना आठ दाणे खाली.

“म्हणजे चुकलं कोण?”

“तुझा काठ बरोबर, माझा तळही बरोबर. एकाच रेघेत दोन्ही घेतले, ते चुकलं. विचारायला हवं होतं.”

“एक नळी आणि दोन शहाणे,” सासूबाई म्हणाल्या.

तो हसला नाही. “म्हणजे माझा हात हलला नव्हता?”

“एकदाही नाही. हलला असता तर मला हे सापडलंच नसतं.”

त्याने पेन्सिल पुन्हा कानावर ठेवली. तळाशी निळा रंग ठळक दिसतो, तेव्हा दोघांनीही तळच धरायचा, असं ठरलं. जुन्या खुणा त्याने ओल्या फडक्याने पुसल्या, फक्त पहिली ठेवली.

दादा आला तेव्हा ती सातव्या कोपऱ्यात होती. त्याने काही बोलायला तोंड उघडलं, पण आईने त्याच्या हातात हातोडी आणि एक वाकडा खिळा दिला.

शेवटच्या टप्प्याला तिने टोकं बदलली. मागे ती थांबली, पुढे त्याला पाठवलं. त्याने पहिल्या खुणेशी नळी धरली. पाणी वर गेलं, खाली आलं, डुचमळलं, आणि थांबलं. त्याने पेन्सिल काढली, पण टेकवली नाही. जिथे खूण करायची, तिथे सकाळची खूण होतीच.

दादाने चष्मा लावून पाहिलं, बोट फिरवून पाहिलं. मग छताच्या फळ्या कुठून आणणार, असं त्याने विचारलं, सांगितलं नाही. जाताना म्हणाला, अंधार पडतोय, नळी राहू दे तशीच, उद्या उचल.

धाकट्याने नळीतलं पाणी ओतलं. एका टोकापासून गुंडाळायला सुरुवात केली आणि दुसरं टोक हातात येईपर्यंत थांबला नाही.