बुडाचा लेप

मी एक तांब्याचा जुना पेला आहे. मित्रांनो, माझ्या भाऊबंदांना देवघरात जागा मिळते, चिंचेनं रोज उजळायला मिळतं. मी मात्र परभणीच्या एका शाळेत, प्रयोगाच्या खोलीत आलो. निजामाचं राज्य होतं, बाहेर महायुद्ध पेटलेलं होतं आणि घासलेट कुठं मिळत नव्हतं.

जवळच्या झरी गावची भागम्मा बाळंतपणं करायची. नाळ कापायचा विळा उकळला नाही तर बाळं धनुर्वातानं जातात, हे तिला पटलं होतं. पण ओल्या जळणावर पाणी उकळेपर्यंत बाळ थोडंच थांबतं? म्हणून शाळेतल्या व्यंकटराव मास्तरांनी तिला एक लहानशी शेगडी द्यायचं ठरवलं. कोणतं इंधन जळून किती उष्णता देतं, हे ते माझ्यावर मोजत. खाली दिवा लावायचा, माझ्यातलं पाणी किती तापलं ते पाहायचं आणि दिव्यातलं इंधन किती जळलं ते तोलायचं.

आधी करडीचं तेल जाळलं. उष्णता भरपूर निघाली, पण मी काळाकुट्ट झालो. खोली झाडणाऱ्या कडूबाई मला घासत बसल्या.

"घरी चुलीला जळण न्हाई, अन् मास्तर हितं गरमी तोलायलेत. आता काळा केलात तर तुमीच घासा."

दुसऱ्या दिवशी स्पिरिटची पाळी होती. कडूबाईंनी सकाळीच माझ्या बुडाला राख-मातीचा लेप दिला आणि मला उन्हात वाळवलं. चुलीवर भांडं चढवताना बायका देतात तसाच. काजळी मातीवर बसते, भांडं वाचतं. मास्तरांनी मला हातात घेतलं, पाहिलंही. पण घरी रोज तशीच भांडी बघणाऱ्या डोळ्यांना त्यात वेगळं काही दिसलं नाही.

स्पिरिट निळं, स्वच्छ जळालं. पाणी मात्र हळूहळू तापलं, कारण आच मातीनंच अडवली होती. उष्णता तेलाच्या निम्मीही भरली नाही. तरी काजळी धरत नाही म्हणून मास्तरांनी शेगडीसाठी तेच ठरवलं.

"भागम्मा, स्पिरिट दुबळं आहे. शेगडी काठोकाठ भरा."

"काठोकाठ? मास्तर, पदर असतोय आमाला."

"हिशेब तसंच सांगतो."

तिनं ऐकलं. झरीच्या एका घरात शेगडी उतू गेली, जाळ भागम्माच्या पदराला लागला. बाळ जगलं. भागम्मा मात्र गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून भाजून गेली.

बातमी आली तेव्हा मास्तरांनी मला उचललं. बुडावरून अंगठा फिरवला, तशी माती तळहातावर गळाली. त्यांनी मला खरवडलं आणि पुन्हा स्पिरिट पेटवलं. पाणी भराभर तापलं. मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"माझं काय चुकलं व्हय?" कडूबाईंनी हळूच विचारलं.

"नाही, कडूबाई. तुम्ही पेला जपलात. बघायचं काम माझं होतं."

त्यानंतर झरीत कुणी ती शेगडी दारात येऊ दिली नाही. भागम्माच्या जागी आलेली बाई विळा नुसता पुसून घेई. पावसाळ्यात बाळांच्या दातखिळी पुन्हा बसू लागल्या.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना घासूनपुसून ठेवा, देव तुमचं भलं करो. पण आमच्या भरवशावर कुणाला काही सांगणार असाल, तर आधी आम्हाला उलटं करून बघा. आम्हाला बोलता येत नाही.