उसन्या नावाचा ब्राउझर

पान उघडेपर्यंत खिडकीच्या कोपऱ्यात एक निळं वर्तुळ फिरत असे. इतर पानांवर ते डोळ्यांत भरायच्या आत थांबायचं. बँकेच्या पानावर आज ते बराच वेळ फिरलं आणि मग लाल झालं.

हा ब्राउझर धाकटीनं लिहिला होता आणि थोरला भाऊ तो खपवत होता. बाकी जवळपास सगळं जग एकच ब्राउझर वापरायचं. दोघं भावंडं त्याला नुसतं 'मोठा' म्हणत. कित्येक साइट मोठ्याशिवाय कुणाला आत घेत नसत. म्हणून दादानं पूर्वीच युक्ती काढली होती: साइटनं विचारलं "कोण?", की आपल्या ब्राउझरनं सांगायचं, "मोठा." दारं धडाधड उघडली. फक्त बाजाराच्या मोजणीत यांचे ग्राहकही मोठ्याचेच धरले गेले. धंदा यांचा वाढला, वाटा त्याचा. हे थांबवायला हवं, असं धाकटी दर आवृत्तीच्या वेळी स्वतःशी म्हणे आणि पुढच्या आवृत्तीवर ढकले.

फोन आत्याचा आला. "अगं, बँकेतला म्हणतो, तुमचा ब्राउझर धोक्याचा. मी म्हटलं, आमच्या पोरीनं केलाय. तर म्हणे, आजी, थापा मारू नका, हा मोठाच आहे, जुना."

मोठ्याच्या जुन्या आवृत्तीत चोराला शिरता येईल अशी फट सापडली होती, म्हणून बँकेनं ती आवृत्ती बंद केली होती. धाकटीच्या ब्राउझरमध्ये ती फट नव्हतीच. पण नाव उसनं घेतलं, तसं दुखणंही पदरात पडलं.

"आवृत्तीचा आकडा बदल," दादा म्हणाला. "'नवा मोठा' सांगायला लाव. चुटकीसरशी होईल."

"नव्यातही फट निघाली की?"

"मग त्याहून नवा."

"आणि आपल्यातच निघाली तर? बँक आपल्या लोकांना कुठल्या नावानं सावध करेल?"

"शहाणे, खरं नाव सांगितलंस तर अर्ध्या साइट दार लावून घेतील. ग्राहक काय आपल्या प्रेमापोटी थांबणारेत? आपल्याला ओळखतं कोण, आत्या सोडून?"

"ओळखणार कसे? आपण कधी सांगितलंय?"

 

ब्राउझर आपलं नाव सांगतो ती कोडमधली ओळ धाकटीनं उघडली. मोठ्याचं नाव तिच्याच हातचं होतं. शुद्धलेखन बिनचूक होतं.

"आजपासून आपलंच नाव सांगायचं," ती म्हणाली. "जे दार लावतील, ते लावू देत."